एकाच बिल्ल्यावर दोघं

सातपूर, नाशिक
बुधवार

प्रिय रोहिणी,

जयभीम. सांगतेय मी आणि लिहितायत शेजारच्या मंगलाबाई. त्यांनी तीस वर्षं शाळेत शिकवलंय, म्हणून मी 'लय' म्हटलं की त्या 'फार' लिहितात. पत्रात मी कुठं शहाणी वाटले तर तो दोष त्यांचा. फोनवरही बोलता आलं असतं, पण तू अर्ध्यातच 'हो आजी, हो आजी' सुरू करतेस. कागदाला तसं गप्प करता येत नाही. माझे गुडघे कुरकुरतात, पण अजून कामावर आहेत. बाकी बरं.

रविवारी तू रडत रडत जे सांगितलंस, त्यातलं मला काय कळलं ते आधी बघ. विमानात एक डबा असतो. खालच्या रडारनं हाक मारली की तो ओ देतो, मी अमुक, एवढ्या उंचीवर. ट्रान्सपॉन्डर म्हणतेस तू त्याला. मंगलाबाईंनी तो शब्द दोनदा खोडला. त्या डब्याला स्वतःचं काही ठाऊक नसतं. उंची एक यंत्र सांगतं, जागा दुसरं, आणि आजूबाजूला कोण उडतंय ते तिसरं पडद्यावर दाखवतं. या सगळ्यांचं एकमेकांशी बोलणं जुळवून द्यायचं, हे तुझं काम. मला तीन सुनांत ते जमलं नाही, म्हणून तुझं कौतुक वाटतं.

तर गेल्या महिन्यात तू एका विमानात नवा डबा बसवलास. शेजारी त्याच जातीचं दुसरं विमान उभं होतं. वेळ वाचेल म्हणून त्याच्या डब्यात भरलेलं सगळं जसंच्या तसं इकडं उतरवलंस, आणि त्यात त्या विमानाचा स्वतःचा नंबरही आला. डबा ओ देतोय एवढं तू तपासलंस. कोणाच्या नावानं देतोय, ते कागदाशी ताडून पाहायचं राहिलं. दोन विमानं एकाच नंबरानं उडायला लागली. पडद्याला वाटलं, हा नंबर तर आपलाच, आपल्याला आपण काय दाखवायचं, आणि त्यानं दुसरं विमान गाळूनच टाकलं. अकरा दिवसांनी दोन्ही विमानं उतरताना एकमेकांना घासता घासता वाचली. पडद्यावर दिसलं नाही, म्हणजे त्यातलं एक उडवणारा आयुष नावाचा तो शिकाऊ पोरगा डबा चालू करायलाच विसरला, असं ठरलं. त्याचं उडणं बंद झालं. तू त्याच संध्याकाळी गुपचूप नंबर बदललास आणि कामाच्या वहीत काही लिहिलं नाहीस. सोमवारी चौकशी आहे. फोन ठेवताना म्हणालीस, आजी, कोणाला सांगू नकोस. मी मंगलाबाईंना सांगितलं, पण त्यांना कोण मोजतंय. हे त्यांनी तोंड वाकडं करून लिहिलंय.

आता माझं ऐक. तुझे आजोबा पुंजाराम इथल्याच एका ओतकामाच्या कारखान्यात होते. आता तिथं गोदाम आहे. तिथं वाळू कालवायचा मोठा लोखंडी ढोल होता. आत चिकटलेली वाळू माणसानं उतरून खरवडायची. उतरणाऱ्यानं आपला पितळी बिल्ला बटणाशेजारच्या खिळ्याला अडकवायचा, आणि बिल्ला लटकतोय तोवर बटणाला कोणी हात लावायचा नाही, असा नियम होता. दोघं उतरले तर दोन बिल्ले.

नाथा त्यांचा जोडीदार, आमच्या शेजारच्या खोलीतला. त्याची बायको लंकाबाई बाळंतपणाला मनमाडला गेली होती, म्हणून त्याचे कपडे मी धुवायची. त्या दिवशी त्याच्या शर्टाचं बटण लावायला म्हणून मी शर्ट ठेवून घेतला. तो दुसरा शर्ट घालून गेला आणि बिल्ला माझ्याकडच्या खिशात राहिला. दारावरचा माणूस ओळखीचा, त्यानं आत सोडलं. ढोलापाशी तुझे आजोबा म्हणाले, माझा आहे ना, एकात भागेल. दोघं उतरले. चहाची वेळ झाली. कँटीनमध्ये बिल्ला दाखवल्याशिवाय चहा देत नसत. आजोबा वर आले, सवयीनं खिळ्यावरचा बिल्ला काढला आणि दोघांचा चहा आणायला गेले. दुसऱ्या पाळीच्या माणसानं रिकामा खिळा पाहिला आणि बटण दाबलं.

इथं मंगलाबाईंनी पेन खाली ठेवलं.

साहेबांनी विचारल्यावर आजोबा म्हणाले, नाथा बिल्ला न लावता, कोणाला न सांगता उतरला. मलाही बोलावलं. नाथा बिल्ला नेहमीच इकडंतिकडं टाकायचा, असा कागद केला होता. मी त्यावर अंगठा उठवला. मला कुठं वाचता येतं, त्यात काय लिहिलं होतं मी काय जाणे, असं मी एक्केचाळीस वर्षं म्हणत आले. ते खोटं आहे. कारकुनानं कागद मोठ्यानं वाचून दाखवला होता.

आजोबांनी पुन्हा कधी चहा घेतला नाही. तू विचारायचीस तेव्हा मी पित्त आहे म्हणून सांगायची. आणि विहारात पंचशील म्हणताना चौथं आलं, खोटं न बोलण्याचं, की मला खोकला येतो. तुम्ही पोरी हसायच्या. तू तर एकदा औषधाची बाटली घेऊन आलीस. चार चमचे प्याले मी, तुझं मन राखायला.

लंकाबाई अजून दोन गल्ल्या पलीकडं राहते. तिनं संतोषला, म्हणजे तिच्या मुलाला, लहानपणापासून एकच सांगितलं, बापासारखा बेफिकीर होऊ नकोस. नवऱ्याच्या फोटोला ती रोज फूल घालते, पण रागानं घालते. मी ते पाहत आले. कधी भाजी नेऊन दिली, कधी तिच्या दुखण्याला बसले. ते एक सोडून सगळं केलं.

काल ट्रंकेतून नाथाचा बिल्ला काढला आणि तिच्याकडं गेले. ती मेथी निवडत होती. शर्टापासून अंगठ्यापर्यंत सगळं सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत. माझं संपल्यावर एवढंच म्हणाली, "म्हणजे तो सांगून उतरला होता." मग बिल्ला मुठीत घेऊन आत गेली आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही. आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

रोहिणी, तुला सोमवारी खरं बोल म्हणायचं होतं, आणि ते म्हणायच्या आधी मला लंकाबाईच्या दारात जायलाच हवं होतं. रविवारपासून तेवढ्यासाठी धीर गोळा करत होते. मी गेले तेव्हा नाथा नव्हता. तुझा आयुष आहे, त्याच्यासमोर बोलता येईल. नोकरी गेली तर इकडं ये. मेथी निवडायला माणूस हवाच आहे, आणि लंकाबाई आता माझ्याबरोबर बसेल असं वाटत नाही. मंगलाबाईंची नात पायल उद्याच्या बसनं तिकडं येतेय, तिच्या हाती हे पत्र देते. खाली माझा अंगठा आहे. उठवायच्या आधी मंगलाबाईंकडून पत्र दोनदा वाचून घेतलं. यात काय लिहिलंय ते मला ठाऊक आहे.

तुझीच,
आजी