बीबीच्या आवाजाचा वेग

गोथेनबर्ग

प्रिय यम्मा,

सलाम. मी बरी आहे, जाड कोट घेतला. बगदादला उकाडा कमी झाला का? तुझे गुडघे कसे आहेत?

बीबीच्या, आमच्या आजीच्या, गाण्याच्या कॅसेटबद्दल लिहायचं आहे. जुनी टेप नीट वेगाने फिरत नाही, म्हणून आवाज बदलतो. मागे विजेची गुणगुण ऐकू येत होती. घरच्या विजेचा सूर ठरलेला असतो, त्यावरून मी वेग दुरुस्त करून गाणं तुला पाठवलं. बीबीच्या स्मृतिदिनी तू ते लावलंस आणि फोनवर रडत म्हणालीस, “अगदी हीच माझी आई.”

काल टेपचा शेवट पहिल्यांदा ऐकला. गाता गाता थांबून बीबी म्हणते, “त्या अबू दरघामला सांगा गं, की बाबा, तुझा जनरेटर एक तर बंद कर, नाहीतर सुरात तरी ठेव.” बायका हसतात.

म्हणजे गुणगुण शेजाऱ्याच्या जनरेटरची होती, आणि तिचा सूर ढळत होता. माझं माप चुकलं. खरा वेग आता कशावरूनही काढता येणार नाही.

मी तीन वेगवेगळ्या वेगांनी ऐकलं. तिन्ही वेळा मला बीबीच वाटली. तुलाही चुकीच्या वेगात तीच वाटली. तिचा आवाज आपल्या दोघींनाही आठवत नाही, यम्मा.

गोळ्या चुकवू नकोस.

तुझी लेक,
सुहाद