दादाच्या गोळ्या

प्रिय दादा,

मंगळवारी आईची उजवी बाजू आणि वाचा गेली, हे तुला फोनवर सांगितलं. का गेली, ते सांगितलं नाही.

तू तिकडून पाठवतोस त्या ब्लडप्रेशरच्या महागड्या गोळ्या तिने स्वतः कधी घेतल्याच नाहीत. आल्यागेल्याला वाटल्या. "घ्या हो, लेकाने पाठवलीय. इथल्यासारखी कडू नाही!" मी ओरडले की म्हणायची, "तुझ्या का पोटात दुखतं?"

डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या चालू होत्या ना?"

म्हटलं, "अख्ख्या गल्लीला चालू होत्या."

आज शेजारच्या काकू हॉस्पिटलात आल्या, अगदी ठणठणीत. "तुझ्या दादाच्या गोळ्यांनी माझं प्रेशर कसं ताळ्यावर आलंय!" आईचं अर्धं तोंड हसलं. डाव्या हाताने तिने उशाजवळचं नवं पाकीट त्यांच्याकडे सरकवलं. मी ते हिसकावून घेतलं, तर रडायला लागली. शेवटी मीच ते काकूंच्या हातात ठेवलं. काकू लगेच उठल्या, पण "उद्या येते हं" म्हणाल्या.

हे पत्र मी टाकणार नाही. तू गोळ्या पाठवायच्या थांबवल्यास, तर तिला बघायला येईल कोण?

तुझी,
धाकटी