चढावर उतरवलेला शीण

१७ जानेवारी २०११, सोमवार

नोकरीचा पहिला दिवस आनंदात गेला, हे आधी लिहून ठेवतो. एकोणपन्नासाव्या वर्षी कोणी आपल्याला नव्यानं कामावर घेतं याचंच नवल वाटतं. कसबा पेठेत तांबटांच्या दुकानावर लाकडी जिना चढून गेलं की श्यामरावांचं ऑफिस. एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर शेकरूचं चित्र. शनिवार-रविवार लोकांना जंगल दाखवून आणायचं, हा धंदा. मी माणसं मोजून न्यायची, त्यांचं जेवणखाण आणि सामान पाहायचं, आणि माणसं मोजून परत आणायची. श्यामराव माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, पण अहो म्हणतात. म्हणाले, हिंदुराव, पुण्याची गिऱ्हाइकं आहेत. जनावर नाही दिसलं तर चालेल, चहा वेळेवर हवा.

गावच्या सोसायटीत सव्वीस वर्षं कारकुनी केली. ती बंद पडली. मंडळी जाऊन चार वर्षं झाली, मुलगी शकू सासरी सुखात आहे. इथं वारज्यात खोली मिळाली. सकाळी पूजा, संध्याकाळी माळ, आणि निजण्याआधी ही वही. शाळेत गुरुजींनी लावलेली सवय सुटत नाही. ऑफिसखाली दिवसभर तांबं ठोकण्याचा आवाज येतो. तोही बरा वाटला.

२२ जानेवारी, शनिवार

पहिली सहल. पाचच माणसं. खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले बाळकाका आणि त्यांच्या सरोजिनीकाकू. कसब्यातल्या वासंतीबाई, शाळेत भूगोल शिकवत असत. वारज्याच्या नीरजाताई आणि त्यांची दहा वर्षांची हेमा. गाडी जयसिंग चालवतो.

अभयारण्य घाटमाथ्यावर आहे. गाडी खालच्या वाडीपर्यंतच जाते. तिथून अर्ध्या तासाचा उभा चढ, आणि वर हद्दीच्या बाहेर बायडाबाईंचं घर. मुक्काम तिथंच. जयसिंग खाली गाडीतच झोपतो म्हणाला. हेमा माझ्यापुढं पळत होती. दर वळणाला मागं वळून म्हणायची, काका, तुम्ही आलात का, की अजून पुण्यातच आहात?

अर्ध्या चढावर एका वळणाला वाळलेल्या फांद्यांचा छातीभर उंच ढीग होता. वरच्या काही डहाळ्या हिरव्या, आजच तोडलेल्या. मी ओळखला. आमच्या गावच्या खिंडीतही असा एक होता. आई डोक्यावरची पाटी न उतरवता एक डहाळी मोडायची, गुडघ्यांवरून फिरवायची आणि ढिगावर ठेवायची. शीण तिथं राहतो म्हणायची. मी मनातल्या मनात हात जोडले आणि पुढं गेलो. बरोबरच्या लोकांना काही सांगितलं नाही. हसले असते.

बायडाबाई स्वयंपाक झाकून ठेवून, खालच्या वाडीत लेकीकडे गेल्या होत्या. संध्याकाळी थंडी पडली. वनरक्षक मच्छिंद्र यानं दुपारीच बजावलं होतं की जंगलातली काडी उचललीत तर दंड. बाळकाकांनी विचारलं, की पत्रकात शेकोटी छापली आहे, का या शब्दाचा पुण्याबाहेर काही वेगळा अर्थ होतो? वासंतीबाई म्हणाल्या, राहू द्या हो, त्यांची पहिलीच वेळ आहे.

ते मला लागलं. आणि वळणावर फांद्या आयत्या पडल्या होत्या. जंगलाच्या हद्दीबाहेर. कोणाच्या मालकीच्या नाहीत. नियम कुठं मोडत नव्हता.

चार फेऱ्या केल्या. लाकूड वाळलेलं होतं, पण दिसायचं त्याहून किती तरी जड.

शेकोटी छान पेटली. काकूंनी गाणी म्हटली. फांद्या टाकायचं काम हेमानं मागून घेतलं, आणि आम्ही सगळ्यांनी तिचं कौतुक केलं. धुराला मात्र लाकडाचा वास येत नव्हता. बाजारातून पायी परतणाऱ्या माणसाच्या अंगाला येतो तसा येत होता.

२३ जानेवारी, रविवार

सकाळी शेकरू दिसलं. सगळे बघत होते, पण कोणी उभं राहून बघितलं नाही. जो तो दगडावर टेकलेला. हेमा उठलीच नाही. रात्री उशिरापर्यंत जागली म्हणून असेल, असं नीरजाताई म्हणाल्या. मी तिला पाठुंगळी घेऊन उतरलो.

वळणावर ढिगाच्या जागी मोकळी जमीन होती. मध्ये खळगा, बसून बसून गुळगुळीत झालेला, एक माणूस मावेल एवढा. बायडाबाई खालून जळणाचा भारा घेऊन येत होत्या. त्या खळग्यापाशी उभ्या होत्या. हातात मोडलेली डहाळी होती आणि ती कुठं ठेवावी ते त्यांना कळत नव्हतं. मला विचारलं, भाऊ, हितलं कोनी नेलं?

मी म्हणालो, माहीत नाही.

माणसं मोजली. पाच. परत आणली.

२५ जानेवारी, मंगळवार

पाय भरून आलेत. वय झालं. ऑफिसचा जिना दोन दमांत चढलो.

श्यामरावांकडे बाळकाकांचा फोन होता. दोघं नवरा-बायको दोन दिवस अंथरुणात आहेत. डॉक्टरांनी बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं दिली. श्यामराव म्हणाले, पुण्यात माणूस मेला तरी आधी बी-ट्वेल्व्ह देऊन बघतात. हसलो. हसतानाही दम लागला.

२७ जानेवारी, गुरुवार

वासंतीबाईंकडे त्यांचा विसरलेला मफलर द्यायला गेलो. दार उघडायला त्यांना फार वेळ लागला. म्हणाल्या, हिंदुराव, मी जन्मात डोक्यावरून पाणी वाहिलेलं नाही. मग माझ्या टाळूला हे काय झालंय, बघा. पांढऱ्या केसांत गोल चट्टा होता. चुंबळ ठेवून वर्षानुवर्षं हंडे वाहणाऱ्या बाईच्या डोक्याला पडतो तसा.

परत येताना देवळात बसलो. नामस्मरणात लक्ष लागेना. खोटं बोललो होतो ते पुन्हा पुन्हा ऐकू येत होतं.

३० जानेवारी, रविवार

हेमाला दवाखान्यात ठेवलंय. मी जाऊन आलो. पोर आठ दिवसांत वाळली आहे. खांद्यावर दोराचे वळ. परिचारिकांनी नीरजाताईंकडे संशयानं पाहिलं, त्यावरून त्या रडल्या. निजलेल्या माणसाची नाडी इतकी चालत नाही, असं डॉक्टर म्हणतात. चढावर ओझं घेऊन धावणाऱ्याची चालावी तशी चालते. तपासण्या सगळ्या चांगल्या. पण एवढंसं काळीज असं आणखी किती दिवस धावणार, हेही त्यांनीच सांगितलं.

मी असताना ती झोपेत बोलली. इंग्रजी शाळेतली, वारज्याच्या सातव्या मजल्यावरची पोर. आवाज म्हाताऱ्या माणसाचा. म्हणाली, आजून किती चढ हाय रं बाबा?

नीरजाताईंनी मला विचारलं, ती असं कुठं शिकली? मला उत्तर माहीत होतं. दिलं नाही. दुसऱ्यांदा.

१ फेब्रुवारी, मंगळवार

आज मच्छिंद्रला फोन लावून बायडाबाईंना बोलवायला सांगितलं. त्या आल्यावर खरं सांगून टाकलं. ढीग मीच नेला. जाळला. शेकलो.

त्या म्हणाल्या, आमच्या आज्या-पणज्यांचा शीन व्हता त्यो. पोटुशी बाया चढल्या, आजारी मानसं झोळीतनं नेली, मिठाच्या गोण्या नेल्या. ठिवलेला शीन ऱ्हातो तितंच. तुमी त्यो मोकळा केला. जो शेकला त्याच्या अंगात गेला. पोरीनं समद्यात जास्त फांद्या टाकल्या आसतील.

उपाय विचारला. म्हणाल्या, ज्यानं वाहून नेला त्यानंच वाहून आनावा. जेच्या तेच्या गुडघ्यावरनं डहाळी फिरवून घ्या, न् वर आना. दुसऱ्याच्या हातनं चालायचं नाय.

पुढं विचारलं नसतं तर बरं झालं असतं. विचारलं, की नुसत्या जमिनीवर ठेवल्या तर चालतील का? त्या म्हणाल्या, जमीन शीन घेत न्हाय, भाऊ. मानूसच घेतो. ढिगाखाली पयला एक हमाल बसल्याला. टेकला त्यो उठलाच न्हाय. त्याच्या अंगावर लोकांनी पाला टाकला, न् पुढच्याला चढ हलका वाटला. तितनं चालू झालं. तुमी त्यालाबी मोकळा केला.

मग म्हणाल्या, तुमाला पोरंबाळं हायत का? एक मुलगी आहे म्हणालो. मग नका येऊ, म्हणाल्या. आणि फोन ठेवला.

३ फेब्रुवारी, गुरुवार

दोन दिवस विचार केला. खरं तर विचार नव्हता, भीती होती. आज उठलो.

वासंतीबाईंनी गच्चीतल्या मोगऱ्याची डहाळी दिली. गुडघ्यांवरून फिरवून घेतली तेव्हा पदर डोळ्याला लावला. खडकीला बाळकाका उशीला टेकून म्हणाले, आता झाडपाला का? बी-ट्वेल्व्हनं काय घोडं मारलं होतं? पण गुडघे पुढं केले. काकूंचेही त्यांनीच सरळ करून दिले. नीरजाताईंच्या सोसायटीतल्या अशोकाच्या दोन डहाळ्या घेतल्या. एक त्यांची, एक हेमाची. दवाखान्यात हेमाच्या गुडघ्यांवरून फिरवली तेव्हा नीरजाताईंना सगळं सांगितलं. लाकडं कुठली होती तेही. त्यांनी मला मारलं असतं तर हलकं वाटलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, काका, लवकर जा.

पाच काड्या. पिशवी दोन्ही हातांनी धरावी लागली. बसमध्ये वाहक म्हणाला, आजोबा, सोनं आहे का त्यात?

आजोबा म्हणाला.

४ फेब्रुवारी, शुक्रवार

एसटीनं वाडीपर्यंत. देवळाच्या ओट्यावर पडलोय. चढ समोर दिसतो. आज होणार नाही.

शकूला फोन केला. बरा आहे म्हणालो. तिसरं खोटं. तिची पोरगी मागं हसत होती.

नीरजाताईंचा फोन. नाडी आता अडखळते. डॉक्टर उद्याचं काही सांगत नाहीत.

५ फेब्रुवारी, शनिवार. सकाळ

उजाडताच निघालो. अर्ध्या तासाचा चढ. उन्हं वर आली. अजून वळण नाही —

पिशवी ओढत नेतो. दहा पावलं. बसायचं नाही. आत्ता बसलो तर —

माळ खिशात आहे. नाम आठवत नाही. रोजचं. जिभेवरचं.

— वळण.

डहाळ्या खळग्यात ठेवल्या. राहत नाहीत. वारा नाही, तरी घरंगळून पायाशी येतात. तीनदा ठेवल्या. जमीन घेत नाही. बायडाबाई खरं बोलल्या.

बसलो. खळगा बरोबर माझ्या मापाचा. डहाळ्या मांडीवर घेतल्या. राहिल्या.

फोन. नीरजाताई रडत, हसत. हेमा उठून बसली. पाणी प्यायली. म्हणते भूक लागली, थालीपीठ पाहिजे. बाळकाका जिना उतरून खाली फिरताहेत. मला विचारलं, काका, तुम्ही परत कधी येताय? हेमा विचारतेय.

येतो म्हणालो —

उठायचा प्रयत्न केला. पाय आहेत. दिसतात.

एक बाई आली. डोक्यावर भारा. मी हाक मारली, ताई, जरा हात द्या. तिनं ऐकलं नाही. माझ्याकडं बघितलं, पण तोंडाकडं नाही. करवंदीची डहाळी मोडली. गुडघ्यांवरून फिरवली. माझ्या पायावर ठेवली. हात जोडले. ताठ होऊन झपझप वर गेली. हलकी झाली.

तिच्या कंबरेची कळ माझ्या —

मग एक म्हातारा. मग शाळेची पोरं, पाच-सहा, हसत. पोरांचा शीण थोडाच असतो. ठेवला छातीवर.

वही पाल्याखाली जातेय. बोटं अजून —

हेमा जेवली असेल.

खालून आणखी कोणी येतंय. दम लागलेला ऐकू येतो. बरीच माणसं आहेत. झोळीत कोणाला तरी घेऊन —

देवा, सगळ्यांचा मावेल एवढी जा