बळद फोडून केलेली खोली

नाना,

उद्या सकाळी रंगारी येणार आहे आणि आज दुपारपर्यंत माझा रंग ठरत नव्हता. बीडला आम्ही घर घेतलं, त्यातली मागची लहान खोली तुमच्या नातीची. तुम्ही गेल्यावर कितीतरी वर्षांनी ती जन्मली. आता सहा वर्षांची आहे. तिची खोली अशी हवी की ती दहाची झाली, पंधराची झाली तरी तिला तिथं परकं वाटू नये, एवढंच माझं म्हणणं. एवढ्याशा म्हणण्यासाठी मी वहीची अकरा पानं भरली आहेत. पलंग लांब घेतला, कारण पाय वाढतील. टेबल वरखाली होणारं घेतलं. कपड्यांचा हूक किती उंचीवर ठोकायचा यात माझा एक अख्खा रविवार गेला. रंगारी शेडकार्ड घेऊन आला तेव्हा म्हणाला, "ताई, पोरींच्या खोल्या समदे गुलाबीच करतेत. चार वर्सांनी पोरगी नाक मुरडती, मग पुन्हा मलाच फोन. माझं बरं चाललंय. तुमी कावून एवढा इचार करायलात?" मी नुसती हसले. उत्तर तुम्हाला लिहिते आहे.

आपल्या गावच्या घरातलं बळद मी लेकीला समजावून सांगायला गेले. घरातच बांधलेली बंद खोली, तिला दार नाही की खिडकी नाही. ज्वारी माळवदावरच्या, म्हणजे मातीच्या छतावरच्या, भोकातून आत ओतायची आणि खालच्या हातभर भोकातून लागेल तशी काढायची. "मग आत कोण राहायचं?" तिनं विचारलं. कोणी नाही, ज्वारीच. लागोपाठ दुसऱ्या वर्षी पाऊस गेला तेव्हा ते बळद तळापर्यंत झाडून झालं होतं. जनावरं चारा छावणीत होती, आणि तुम्ही ज्या दूध संस्थेचे सेक्रेटरी होतात तिथं सकाळी दोन कॅनसुद्धा भरत नव्हते. तुम्ही लवकर घरी येऊ लागलात. अशाच एका सकाळी गवंड्याला बरोबर घेऊन आलात आणि बळदाच्या भिंतीवर खडूनं दार आखलंत. आई पिठाच्या हातानं तशीच बाहेर आली.

"बळद फोडायलात? लोकं म्हणतील, ह्यांच्या घरात आता दाणा येणारच न्हाई."

"दाणा आला तर पोत्यात भरू. पोरगी पोत्यात भरता येत न्हाई."

"पाच वर्साच्या पोरीला खोली! मला लगीन होऊन इतकी वर्सं झाली तरी..."

"तुला बी करू. आधी हिची हू दे."

आई आत गेली आणि दिवसभर भांडी जरा जोरातच ठेवत राहिली. खिडकीची जागा तुम्ही इतकी वर धरलीत की गवंड्यानं थापी खाली ठेवली. "सेक्रेटरीसाहेब, ही खिडकी पोरीसाठी हाय का उंटासाठी?" तुम्ही म्हणालात, "पोरगी वाढणार हाय, भिंत न्हाई." मग मला कळेल असं सांगितलंत. आज खाली खिडकी केली तर तू मोठी झाल्यावर गल्लीतून येणाऱ्या-जाणाऱ्याला आतलं दिसेल. म्हणून खिडकी वर, आणि आत्ता तुला बाहेर बघायला तिच्याखाली एक ओटा. ओटा पुढं काढून टाकता येतो. पुस्तकांच्या फळीसाठी भिंतीत तीन उंचींवर खुंट्या मारल्यात, म्हणजे माझ्याबरोबर फळीही वर चढेल. अकरा पानं भरून मला जे जमलं नाही ते तुम्ही एका सकाळी गवंड्याशी बोलता बोलता केलंत. हे कौतुक म्हणून लिहीत नाही. मला खरंच त्याचा थोडा राग येतो.

संस्थेच्या पाटीचा निळा ऑइल पेंट उरला होता. पाटीवरचं अक्षर तुमचंच, सुरेख. त्या निळ्यानं तुम्ही माझ्या भिंतीवर मुळाक्षरं काढलीत. मी शाळेत जायच्या आधीच ती भिंत वाचायला शिकले. पण तुमची अक्षरं पुस्तकातल्यासारखी नव्हती. क कॅनचा. छ छावणीचा. ट टँकरचा. प पेंडीचा. प्रत्येकाशेजारी चित्र, आणि टँकरच्या नळीखाली घागरींची रांग. शाळेत बाईंनी "ट कशाचा?" विचारलं तेव्हा मी सगळ्यांच्या आधी उभी राहून "टँकरचा!" म्हणाले. वर्ग हसला. बाई मात्र म्हणाल्या, "बरोबर हाय की. टरबूज कुणी बघितलंय ह्या वर्षी?" मी घरी येऊन सांगितलं तेव्हा तुम्ही इतके हसलात की आईही हसली. पुढं पाऊस आला, ज्वारी आली, पोती ओसरीत रचली गेली. त्यांना वळसा घालताना आई तुम्हाला ऐकू जाईल असं काहीतरी रोज बोलायची. खोली माझीच राहिली.

तेराव्या वर्षी वर्गातली एक मैत्रीण वही न्यायला आली. तिनं भिंतीकडे बघितलं आणि म्हणाली, "अगं, ही तर बालवाडी हाय." बाकी काही नाही. पण ती गेल्यावर मला त्या भिंतीवर छावणी दिसायला लागली, पेंड दिसायला लागली. आपल्या घरातलं सगळं नसलेपण कोणीतरी निळ्या रंगात लिहून ठेवल्यासारखं वाटलं. शनिवारी तुम्ही संस्थेत होतात. मी चुना कालवला आणि भिंतीवर तीन हात दिले. वाळला तसा चुना पापुद्रे धरून गळाला आणि निळी अक्षरं पुन्हा वर आली. तुम्ही आलात, दारातच थांबलात. मी रागवण्याची वाट पाहत होते. तुम्ही नखानं एक पापुद्रा काढलात. "ऑइल पेंटवर चुना बसत न्हाई, बाळा. आधी घासावं लागतं."

रविवारी आई धुणं घेऊन विहिरीवर गेलेली आहे. तुम्ही गुडघ्यावर बसला आहात, हातात पॉलिश पेपर आहे, आणि तुम्ही तुमचंच अक्षर घासत आहात. मी चुन्याची बादली धरून मागं उभी. निळी भुकटी तुमच्या मिशीवर बसते. तुम्ही टँकर घासता, घागरी एकेक करून घासता. भिंत जवळजवळ संपते तेव्हा तुमचा हात थांबतो. "हे एक ठिवू का?" तुम्ही विचारता. मी म्हणते, "नको." तुम्ही "बरं" म्हणता आणि तेही घासता. त्यानंतर सात-आठ महिन्यांनी तुम्ही गेलात, एका सकाळी, अचानक. फळी तिसऱ्या खुंट्यांवर मी एकटीनं चढवली.

आज दुपारी शेवटी मी मुलीला विचारलं, तुझ्या भिंतीवर तुला काय हवं? अकरा पानांत हा प्रश्न कुठंच नव्हता. "जेसीबी," ती म्हणाली. "पिवळा. खणताना. आणि खड्डा पण पाहिजे." तेराव्या वर्षी तिला हा जेसीबी नकोसा होईल, हे मला आजच दिसतं आहे. तिनं तो पुसायचा दिवस यायलाच नको म्हणून मी राखाडी रंग शोधत होते, हेही मला तेव्हाच कळलं. मी रंगाऱ्याला फोन करून जेसीबी सांगितला. म्हटलं, फक्त ऑइल पेंट नको, ओल्या फडक्यानं निघेल असा रंग वापरा. "ताई, लोकं टिकंल असा मागतेत," तो म्हणाला. मी म्हटलं, मला निघेल असाच हवा.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. वहीतच राहील. पण एक सांगायचं राहिलं. नवऱ्याला आणि एक-दोन मैत्रिणींना मी आजवर असं सांगत आले की तुमचा हात लेकीच्या 'ल'वर थांबला होता. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येतात. ते खरं नाही, नाना. तुम्ही कोणतं अक्षर ठेवायला मागत होतात ते मला माहीत नाही. तेव्हा मी बादलीतून वर पाहिलंच नव्हतं.