रफिकचे फाउल चारच होते

मंगळवार, ११ फेब्रुवारी

परवाच्या पानावर मी लिहिलं आहे : 'चार मिनिटं राहिली असताना रफिक पाचव्या फाउलवर बाहेर. टेबलापाशी येऊन भांडला. आपण तीन पॉइंटनी हरलो.' यातलं पहिलं वाक्य चूक आहे. पान फाडत नाही, खोडतही नाही. दुरुस्ती इथं लिहिते.

रफिकचे फाउल चार होते. स्कोअरशीटवर पाच मी केले.

क्रमानं लिहिते, म्हणजे नंतर मला फिरवता येणार नाही. मोंढा बास्केटबॉल क्लबकडे शर्टांचा एकच संच आहे. तिसऱ्या क्वार्टरला ओढाओढीत रफिकचा ९ नंबरचा शर्ट काखेपासून फाटला. बाकावर सचिन होता, १४ नंबर. त्याचा शर्ट रफिकनं घातला आणि परत खेळायला गेला. सचिन टॉवेल गुंडाळून बसला. आपल्याकडे असं नेहमी होतं. रेफरी आमच्या कॉलेजचे सोनवणे सर होते, त्यांनी टेबलाकडे बघून नुसती मान हलवली. तेव्हा शीटवर शेरा मारून रफिकचे फाउल त्याच्याच नावापुढे चालू ठेवायला हवे होते. मी शेरा मारला नाही. समोरच्या संघाचे, जालन्याचे लोक टेबलाच्या मागे ओरडत होते, घड्याळ चालू झालं, राहून गेलं.

सचिनचे १४ वर आधीच तीन फाउल होते. रफिकचे ९ वर दोन. नंतर १४ नंबर घालून त्यानं आणखी दोन केले आणि ते मी १४ च्याच ओळीत टाकले. ओळीत पाच भरले. मी हात वर केला, तो बाहेर गेला.

"चार हैं मॅडम, चार. गिन के देखो," तो टेबलावर वाकून म्हणाला. मी शीट त्याच्याकडे फिरवलं, ओळीवर पेन ठेवलं. "शीटवर पाच आहेत."

हे आज दुपारी कळलं. टेबल ऑफिशियलच्या परीक्षेचा सराव म्हणून मी प्रत्येक मॅचची कच्ची वही शीटशी ताडून बघते. कच्च्या वहीत माझ्याच अक्षरात आहे : '९ चा शर्ट फाटला, १४ चा घातला.' मी स्वतः लिहून स्वतःच

पुढचं उद्या.


बुधवार, १२ फेब्रुवारी

संध्याकाळी नानांबरोबर कोर्टासमोरच्या टपरीवर गेले. जायला नको होतं, पण नाही म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं. नाना म्हणजे माझे घरमालक, एसटीत कंडक्टर होते. मोंढ्याची एकही मॅच चुकवत नाहीत. मॅच झाल्यावर आठवडाभर टपरीवर तीच मॅच पुन्हा खेळतात.

बियाण्यांचे दुकानदार बंडूशेठ आधीच सुरू झाले होते. "चार पॉइंट पुढं होतो. चार मिनिटं राहिलेली. आन् हा गडी टेबलावर वकिली करायला गेला."

नाना : "त्याच्या आधी फ्री थ्रो किती घालवले ते बोल. अकरा. समोर कुणी आडवं नाय, हात धरणारं नाय. तरी बाहेर."

"ते समद्यांनी घालवले."

"मंग हरले बी समदे. एकट्याच्या गळ्यात कामून बांधता?"

टायरवाले शकीलभाई, रफिक त्यांच्याच दुकानात कामाला आहे, ते म्हणाले, "रफिक गया उसके बाद डिफेन्स किधर था? पाँचों ऐसे खड़े जैसे शादी में नौशे की राह देख रैं."

सगळे हसले. मीही हसले. मग बंडूशेठ म्हणाले, "गेला नाय, घालवून घेतला. पाच झालेले आन् म्हणतो चार. त्या लोकांचं डोकंच तसलं."

शकीलभाईंनी कप खाली ठेवला. "किन लोगों का, शेठ?"

"खेळाडूंचं म्हणतोय मी."

"हां. खेळाडूंचं."

टपरीवाल्यानं उगाच स्टो कमीजास्त केला. नाना विषय वळवायला म्हणाले, "पण मी बी मोजलेत, शेठ. माझ्या हिशोबानं चारच. भरल्या गाडीत पाठमोरा उभा राहून मी शिटा सांगायचो, माझं नाय चुकत."

"मंग तुमच्या मॅडमलाच विचारा की. हीच लिहीत व्हती. का गं पोरी?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मला कालच सगळं कळलेलं होतं. तोंडात वाक्य तयार होतं. मी म्हणाले, "शीटवर पाच आहेत."

नाना : "मंग माझंच चुकलं असंल."

वाक्य खोटं नव्हतं. शीटवर पाचच आहेत. घरी येताना हेच स्वतःला सांगत होते.


गुरुवार, १३ फेब्रुवारी

कॉलेजात सोनवणे सरांना सांगितलं. कच्ची वही दाखवली. त्यांनी दोनदा वाचली, मग दार ओढून घेतलं.

"कुणाला बोललीस?"

"नाही सर."

"शीटवर दोन्ही कॅप्टनच्या सह्या झाल्यात. हरकत घ्यायची तर तिथंच घ्यायची असते. कुणी घेतली नाही. रिझल्ट बदलत नाही आता."

मी म्हटलं, रिझल्टचं नाही सर, तो भांडला असं सगळे म्हणतात, आणि तो खरं सांगत होता.

सर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "टेबलावर बसणाऱ्यानं आपण चुकलो म्हणायला सुरुवात केली तर पुढच्या मॅचला बसू कोण देईल? आणि शर्टाला मान मी हलवली होती, हे विसरू नको." मग म्हणाले, जिल्हा निवड समितीला त्या प्रसंगाचा अहवाल हवाय, उद्या लिहून दे, दोन-तीन ओळी पुरे. माझ्या परीक्षेच्या फॉर्मवर त्यांची सही व्हायची आहे. त्याबद्दल ते काहीच बोलले नाहीत. मलाच आठवलं.


शुक्रवार, १४ फेब्रुवारी

अहवाल दिला. नक्कल :

'चौथ्या क्वार्टरमध्ये १४ क्रमांकाचा शर्ट घातलेल्या खेळाडूच्या नोंदीत पाच फाउल पूर्ण झाल्याने त्यास बाहेर जाण्यास सांगण्यात आले. सदर खेळाडूने टेबलापाशी येऊन वाद घातला. रेफरींनी समज दिल्यावर तो बाहेर गेला.'

खाली सही. शब्द न् शब्द खरा आहे. 'शर्ट घातलेल्या' हे मी मुद्दाम घातलं, कुणाला तरी शंका येईल म्हणून. सरांनी वाचून 'छान, मुद्देसूद' म्हटलं. कुणालाही शंका येणार नाही, हे मला लिहितानाच माहीत होतं.

जेवले नाही. डोकं दुखतंय.


शनिवार, १५ फेब्रुवारी

रफिकचं नाव जिल्हा संघाच्या यादीतून काढलं. कारण : बेशिस्त. शकीलभाई घरी येऊन नानांना सांगून गेले. मी आत भांडी घासत होते, सगळं ऐकू येत होतं. जिल्हा संघातून राज्य स्पर्धा, तिथलं प्रमाणपत्र मिळालं तर पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागेवर अर्ज. वयाच्या अटीत त्याचं हे शेवटचं वर्ष. यादी अजून कच्ची आहे, शुक्रवारी २१ ला पक्की होऊन वर जाते.

"उसका बाप पूछ रा था, क्या गाली दिया क्या मेरे बच्चे ने. मैं क्या बोलूँ?" शकीलभाई म्हणाले.

नाना म्हणाले, "गाली नाय दिली. मी तिथंच व्हतो. चार म्हणला फक्त."

शकीलभाई गेल्यावर नानांनी मला हाक मारली. डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर लावून दे म्हणाले, फोनवर जमत नाही त्यांना. "लांबचं बरोबर दिसत नसंल मला. पाचाचे चार झाले, दुसरं काय."

मी नंबर लावून दिला. मंगळवार, सकाळी दहा.


रविवार, १६ फेब्रुवारी

दादांचा, म्हणजे वडिलांचा, फोन. मेंढरं पिशोरच्या खाली एका शेतात बसवली आहेत. पेपरात मॅचचा फोटो आला होता, कडेला टेबल आणि टेबलाशी मी, अर्धी. कुणीतरी त्यांना दाखवला. "मी सांगितलं समद्यांला, माही पोरगी लिहिती तवाच तो खेळ चालतो. व्हय ना?"

व्हय म्हटलं.

"लई मोठं काम हाय बाई. चुकलं तर?"

"चुकत नाही दादा."

हे मी का म्हणाले?

सातवीत होते. दादा आणि मी कन्नडच्या स्टँडवर. आमच्या घरात वाचता येणारी मी एकटी, म्हणून पाटी मी वाचायची. घाईत वाचली, पिशोरच्या ऐवजी सोयगावच्या गाडीत बसलो. लांब गेल्यावर कळलं. परतायला संध्याकाळ झाली. घरी दादांनी सांगितलं, पोरीनं बरोबर वाचलं व्हतं, एसटीवाल्यांनी गाडीच बदलली. आईनं, चुलत्यांनी, सगळ्यांनी मान डोलावली. मीही खाली बघून गप्प. त्यानंतर घरात कुणी माझं वाचलेलं दुसऱ्याला विचारून बघितलं नाही. औषधाची बाटली असो, तलाठ्याचा कागद असो. मीच तीन-तीनदा वाचते.

आणि शर्ट बदलल्याचं एकदा लिहायचं, ते राहिलं.


सोमवार, १७ फेब्रुवारी

रफिकला सांगायचं ठरवून गेले. सायकलच्या मागच्या चाकात हवा कमी होती, ती आणखी सोडली, म्हणजे दुकानात थांबायला कारण. इतकी मी धीट.

शकीलभाई नव्हते. रफिक ट्रकचं टायर उघडत होता. खेळताना इतका उंच वाटतो, तिथं वाकलेला. आधी त्यानं मला ओळखलं नाही. मग ओळखलं आणि उभा राहिला, हात पुसले.

"हवा?"

"हो."

हवा भरली. व्हॉल्व्हला थुंकी लावून बघितली. मग टोपण फिरवता फिरवता, वर न बघता : "नाना पहले बोले चार थे, अब बोलते पाँच. सब पाँच बोलते. मैं रोज गिनता मॅडम, मेरे चारिच होते. आप तो लिख रहे थे. आप बताओ, मैं पागल हूँ क्या?"

"मी... बघून सांगते."

"कब?"

मी सायकल घेतली. कोपऱ्यापर्यंत चालत नेली, बसायचं सुचलंच नाही.


मंगळवार, १८ फेब्रुवारी

नानांना दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, जवळचा नंबर थोडा वाढलाय, लांबचं एकदम चांगलं आहे. नाना रिक्षात बसले. मग म्हणाले, "मंग डोकंच गेलं असंल." हसले. मला रडू आलं, धूळ गेली म्हटलं.

दुपारी टपरीवरून जाताना ऐकलं, वाद अजून चालूच आहे. पण फ्री थ्रो नाही, डिफेन्स नाही, आता नुसता रफिक. बंडूशेठ : "एका माणसापायी वर्ष गेलं." शकीलभाई त्या बाकावर नव्हते. समोर त्यांच्या दुकानापाशी उभे राहून चहा पीत होते. दोन वर्षं मी बघते आहे, ते तिघं एकाच बाकावर बसतात.


बुधवार, १९ फेब्रुवारी

शिवजयंतीची सुट्टी. सकाळपासून ढोल, रस्ते बंद. सगळ्या कचेऱ्या बंद, म्हणून आज काही करता येत नाही, असं उठल्या उठल्या वाटून बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची लाज लिहून ठेवते.

जिल्हा संघटनेच्या सचिवांना अर्ज लिहिला. पहिला मसुदा : 'शर्ट बदलल्यामुळे गोंधळ झाला.' फाडला. शर्टानं काही केलं नाही. दुसरा : 'टेबलाकडून अनवधानाने चूक झाली.' तोही फाडला, टेबलावर लिहीत मी एकटी होते. तिसरा :

'दि. ९ रोजीच्या सामन्यात स्कोअरर म्हणून मी चूक केली. खेळाडू रफिक याचे फाउल चार होते. त्याने टेबलापाशी सांगितले ते खरे होते. दि. १४ रोजीच्या माझ्या अहवालात ही गोष्ट मला माहीत असूनही मी लिहिली नाही. सोबत कच्च्या वहीच्या पानाची झेरॉक्स.'

'माहीत असूनही' यावर अर्धा तास गेला. काढलं, घातलं, काढलं. आता आहे.

सरांनी मान हलवल्याचं लिहिलं नाही. विचारलं तर सांगेन. विचारतीलच. मग फॉर्मवर सही होणार नाही बहुतेक, आणि यंदाची परीक्षा गेली. पुढच्या वर्षी टेबलावर बसवतील की नाही कोण जाणे. दादांना काय सांगायचं ते अजून सुचलेलं नाही. यादीत नाव परत घालतीलच असंही नाही, संघ बारा जणांचा, रफिकच्या जागी दुसरा घेऊन झालाय म्हणतात. तो दुसरा मुलगाही आता खूश असेल.

नानांना अजून सांगितलेलं नाही. बाहेर बसून मिरवणूक बघताहेत. लांबच्या पताकेवरची अक्षरं वाचून दाखवताहेत मला, बरोबर.

झेरॉक्सचं दुकान सकाळी नऊला उघडतं. सचिव स्टेडियमच्या ऑफिसात अकरा ते एक बसतात. तिथून रफिकच्या दुकानात.

गुरुवार, २० फेब्रुवारी. साडेदहाला स्टेडियमच्या दारात उभी आहे, अर्ज आणि झेरॉक्स पिशवीत.