लंका मी माझी पाहून आले

अहो,

'प्रिय' लिहायला हात वळला नाही, म्हणून नेहमीसारखंच सुरू करते. आयुष्यभर या 'अहो'ला तुम्ही ओ दिलीत, पेपरातून मान वर न काढता का होईना, पण दिलीत. आता देणार नाही, हे ठाऊक आहे. म्हणूनच सगळं बोलून घेते. निदान मध्ये कुणी 'थोडक्यात सांग' म्हणणार नाही.

काल दुपारी लंकेहून परत आले. बॅग हॉलमध्येच पडली होती, तेवढ्यात स्टॅनमोरहून राहुलचा फोन. "आई, एव्हरीथिंग ओके ना? बाबांचा राख तिथे ठेवला ना?" मी म्हटलं, रविवारी ये, मग सांगते. राख तुमची, तेव्हा आधी तुम्हाला सांगायला हवं. मुलाला नंतर सांगता येईल.

हॉस्पिटलमध्ये तुम्ही त्याचा हात धरून म्हणालात, "माझी राख अनुराधापूरला, बोधिवृक्षापाशी." मी पलंगाच्या दुसऱ्या बाजूला बसले होते. माझाही हात रिकामाच होता. राहुलने विचारलं, "कोण नेणार, बाबा?" तुम्ही म्हणालात, "आई नेईल." झालं. 'तिलाही बघायचं होतं' एवढं पुढे जोडायला काय झालं होतं तुम्हाला? श्वास कमी पडत होता, मान्य. पण आपल्या लंडनच्या बौद्ध मंडळाच्या नव्या अध्यक्षाचं नाव सुचवायला तो पुरला होता.

मी लंकेला दोनदा जाता जाता राहिले, हे तुम्हाला आठवत तरी होतं का? मंडळाची पहिली धम्मयात्रा निघाली तेव्हा सासूबाई बाथरूममध्ये पडल्या. त्यांच्यापाशी कुणीतरी हवं होतं, आणि ते कुणीतरी म्हणजे मी. त्याचं मला काही नाही, म्हातारं माणूस होतं. दुसऱ्या यात्रेला मात्र माझं तिकीट काढलेलं होतं. पांढऱ्या साडीला इस्त्री करून ठेवली होती. आणि तुम्ही येऊन म्हणालात, "मंगल, नागपूरहून ते वक्ते येतायत, ऐनवेळी सीट नाही. तू समजून घेशील." मी समजून घेतलं. वर सगळ्यांसाठी डबे भरून चिवडा आणि शंकरपाळेही केले. वक्त्यांना चिवडा फार आवडला, असं तुम्ही आल्यावर कौतुकाने सांगितलंत.

मग हाउन्सलोच्या हॉलमध्ये तुमचा स्लाइड शो झाला. लंकेत पाहायलाच हवीत अशी ठिकाणं. सिगिरिया, दंबुल्ला, कँडी, अनुराधापूर. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी किचनमध्ये चहा गाळत होते. तिथल्या सर्व्हिंगच्या खिडकीतून पडद्याचा खालचा अर्धाच भाग दिसायचा. सिगिरियाचा मला नुसता पायथा दिसला, आणि बुद्धमूर्तींचे पाय. सगळं झाल्यावर कुणीतरी विचारलं, "वहिनी, तुम्ही नाही गेलात?" मी तोंड उघडायच्या आत तुम्ही उत्तर दिलंत, "तिला प्रवासाची आवड नाही."

अहो, हे कुठून काढलंत? मी उभ्या आयुष्यात असं कधी म्हटलं होतं?

बाई रोज विमानतळावर जाऊन चेक-इन काउंटरला उभी राहते, दिवसभर लोकांच्या बॅगांना टॅग लावते. कोलंबो, बँकॉक, नैरोबी. "ही बॅग तुम्ही स्वतः भरली आहे का?" असं विचारून त्यांना हसून निरोप देते, आणि बस पकडून घरी येऊन कणीक मळते. तिला प्रवासाची आवड नाही, असं तुम्हाला वाटलं तरी कसं? मी लोकांना विचारायचे, तिकडे कुठे कुठे जाणार? परत आल्यावर कुणी ओळखीचं भेटलं, तर काय काय पाहिलंत? माझ्या बरोबरच्या मुली हसायच्या. तुम्हाला मात्र कधी कळलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आणि ते एक वाक्य माझ्या नावाला चिकटलं ते चिकटलंच. तुम्ही गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमातसुद्धा माईकवर कुणीतरी म्हणालं, "वहिनींना प्रवासाची आवड नव्हती, तरी त्यांनी सरांना कधी अडवलं नाही." सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. मी पहिल्या रांगेत पांढऱ्या साडीत बसले होते, आणि मला उठून ओरडावंसं वाटत होतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय.

राहुल बरोबर येतो म्हणाला होता. मी नको म्हटलं. विमानतळावर या खेपेस मी काउंटरच्या अलीकडे होते. सिक्युरिटीच्या मुलाने स्कॅनरमधून डबा बाजूला काढला आणि विचारलं, "मॅडम, यात काय आहे?" मी म्हटलं, "माझा नवरा." बिचारा गोरामोरा झाला. क्रेमेटोरियमचा कागद दाखवला, त्याने दोन्ही हातांनी डबा उचलून परत दिला. लग्न होऊन इकडे आलो तो सोडला, तर तुमच्याबरोबरचा माझा हा पहिलाच विमानप्रवास.

कोलंबोला निमल नावाचा ड्रायव्हर भेटला, पोक्त आणि कमी बोलणारा. पहिल्याच दिवशी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ओके मॅडम, सर मागच्या सीटवर." आणि डब्याला त्याने चक्क सीटबेल्ट लावला.

आधी दंबुल्ला. डोंगरात लेणी आहेत, आणि आत छतापासून भिंतीपर्यंत बुद्धच बुद्ध. तुम्ही आम्हाला त्यातल्या राजांची नावं सांगितली होतीत. आत किती गार वाटतं ते सांगितलं नव्हतंत. वटवाघळांचा वास येतो, तेही नाही. तिथे मूर्तीकडे पाठ करून फोटो काढलेला चालत नाही. एक पोरगी सेल्फी घ्यायला वळली तर पहारेकऱ्याने तिला हळूच फिरवून उभं केलं. मला आठवलं, तुमच्या एका स्लाइडमध्ये तुम्ही मूर्तीकडे पाठ करूनच उभे होतात. पाय तेवढे मी पाहिले होते ना.

मग सिगिरिया. "तुझ्या गुडघ्यांना नाही झेपायचं ते," असं तुम्ही नेहमी म्हणायचात. चढले मी. सिंहाच्या पंजांपाशी बसले, शहाळ्याचं पाणी प्यायले, लोखंडी जिन्याला घट्ट धरून पुढे गेले. वर वारा इतका होता की पदर कमरेला खोचावा लागला. खाली सगळीकडे हिरवं रान. माझ्याच वयाची एक जर्मन बाई बाजूला धापा टाकत होती, तिला मी माझ्यातली लिमलेटची गोळी दिली. गुडघे दोन दिवस बोलत होते, ते खोटं नाही सांगत. पण तुम्ही खाली गाडीत होतात, आणि मी वर होते. मला बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटायला हवी होती, पण नाही वाटत.

आता अनुराधापूर.

त्या दिवशी पौर्णिमा होती. तिथे तिला पोया म्हणतात, सगळं बंद असतं आणि माणसं विहारात येतात. जिकडे पाहावं तिकडे पांढरे कपडे. मीही पांढऱ्या साडीत. लंडनमध्ये आपण पांढऱ्या कपड्यांत बसमध्ये चढलो की लोक वळून बघतात. इथे माझ्याकडे कुणी बघेना. इतक्या लोकांमध्ये मी अगदी त्यांच्यातली होते, आणि मला एकदम रडू आलं. तुमच्यासाठी नव्हतं ते, उगीच गैरसमज नको.

दोन्ही हातांत तुमचा डबा घेऊन मी रांगेत उभी होते. तिथे स्वयंसेवक म्हणून काम करणारी एक बाई आली, शाळेत शिकवून रिटायर झालेली. इंग्रजी छान बोलायची. "यात काय आहे?" मी सांगितलं. तिने डब्याला हात जोडले आणि म्हणाली, "इथे राख ठेवता येत नाही हो. तलावातही नको, ते गावाचं पाणी आहे. आमच्यात हे असं करत नाहीत. तुम्ही बौद्धच ना?"

मी 'हो' म्हटलं, आणि मनातल्या मनात तुमच्याशी भांडायला लागले. चाळीस घरांना तुम्ही अस्थिविसर्जन सोडायला लावलंत. कुणी नाशिक म्हटलं की भाषण द्यायचात. माझी आई गेली तेव्हा भावाने फोन केला होता, ये, तिची राख नदीवर न्यायची आहे, तूही हात लाव. तुम्ही म्हणालात, "आता जाऊन काय करणार, मंगल? आपण सोडलंय ना हे सगळं? राख म्हणजे राख." मला ते पटलंही होतं. मी दुसऱ्या दिवशी शिफ्टला गेले, कोलंबोच्या काउंटरला. पण आईची राख ती राख, आणि तुमची वेळ आली की तिला थेट बोधिवृक्ष? लंकेतल्या लोकांना साधं विचारावंसंही वाटलं नाही तुम्हाला, दोनदा जाऊन आलात तरी.

त्या बाईने माझ्या हातांकडे पाहिलं. "फुलं वाहिलीत का?" मी म्हटलं, "हात रिकामे कुठे आहेत?" ती म्हणाली, "डबा चपलांपाशी ठेवा. इथे कुणी काही नेत नाही. आधी तुमचं दर्शन तर घ्या."

तर तुम्हाला चपलांच्या स्टँडपाशी ठेवून मी आत गेले.

तिने मला निळी कमळं दिली, पाकळ्या कशा उलट दुमडायच्या ते दाखवलं. बोधिवृक्ष मोठा नाही हो. उंच ओट्यावर आहे, आणि फांद्या बारीक आहेत. त्यांना सोनेरी टेकू दिलेत. तुम्ही भाषणात 'विशाल, विशाल' म्हणत राहिलात. इतक्या जुन्या झाडाला टेकू लागतात, आणि कुणी ते लपवत नाही, हे मला फार आवडलं. शेजारी बायका बुद्धं सरणं गच्छामि म्हणत होत्या. शब्द आपलेच, चाल वेगळी. मी माझ्या चालीत म्हटलं. कुणी अडखळलं नाही. आईचं नाव घेतलं. तुमचंही घेतलं, पण नंतर.

बाहेर आले तर निमल डब्यापाशी उकिडवा बसला होता. म्हणाला, "मॅडम, समुद्र आहे ना. तिथे कुणी नाही म्हणणार नाही."

म्हणून कँडी झालं, चहाच्या मळ्यांतून जाणारी आगगाडी झाली, आणि शेवटी खाली दक्षिणेला मिरिसाचा किनारा. तुम्ही ज्याला 'उघड्यानागड्यांची जत्रा' म्हणायचात तो. संध्याकाळी मी साडी पोटरीपर्यंत उचलून पाण्यात उभी राहिले. झाकण सैल केलं. वाळूत बसलेलं एक इंग्रज जोडपं मघापासून माझ्याकडे बघत होतं. उन्हाने दोघंही लालबुंद झालेले. ती बाई जवळ येऊन म्हणाली, "तुम्ही एकट्याच आलात? कुठे कुठे गेलात?" मी सगळं सांगितलं, तिला अनुराधापूर माहीतच नव्हतं. ती म्हणाली, "तुम्हाला प्रवासाची खूप आवड दिसते."

मी म्हटलं, "हो. लहानपणापासून."

आणि मग माझ्याच्याने झाकण उघडवेना. तुम्हाला तिथे सोडलं असतं, तर घरी आल्यावर लोकांना काय ऐकू गेलं असतं? 'वहिनी सरांची राख घेऊन गेल्या.' सिगिरिया, दंबुल्ला, ती निळी कमळं, सगळं तुमच्या खात्यावर गेलं असतं. पुन्हा एकदा मी तुमच्या यात्रेतली चिवडा करणारी झाले असते. नाही द्यायची मला ही लंका तुम्हाला. एवढं एकच माझं आहे. झाकण घट्ट केलं, पायाची वाळू झटकली आणि निमलला म्हटलं, चला.

म्हणजे तुम्ही परत आलात. आत्ता टेबलावर आहात, माझ्या चहाच्या कपाशेजारी. राग आला असेल ना? येऊ दे. मलाही येतोच आहे इतकी वर्षं, मला काय झालं त्याने? आणि खरं सांगू, इतकं सगळं होऊनही त्या डोंगरावर एकदा मागे वळून बघितलं होतं मी, तुम्ही दमलात का म्हणून. सवय वाईट असते.

रविवारी राहुल येईल तेव्हा त्याला सांगणार आहे. तुमची राख इथल्याच क्रेमेटोरियमच्या बागेत, गुलाबाच्या वाफ्यात ठेवू. जागा चांगली आहे, मी पाहून आले. पुण्यानुमोदनाचं वर्ष भरेल तेव्हा हॉलमध्ये मी माझे फोटो दाखवीन, पडद्यासमोर उभी राहून. चहा मंडळाच्या पुरुषांनी करायचा.

त्या बागेवरून हीथ्रोची विमानं फार खालून जातात, एकामागून एक, दिवसभर. तुम्हाला आता तिथेच राहायचंय, तेव्हा सवय होईल. पुढच्या हिवाळ्यात मी व्हिएतनामला जायचं म्हणतेय. तुम्हाला वचन देते, विमान उडालं की मी खिडकीतून खाली बघेन. बाग दिसेनाशी होईपर्यंत बघेन. तुम्ही माझ्यासाठी एवढंसुद्धा कधी केलं नव्हतंत.

जयभीम.

तुमची, अजून तरी,
मंगल