उंबऱ्यातले चार खिळे

सोमवार, १ एप्रिल १९७४

आज कामरगावले पोचली. एसटीत खिडकीची जागा भेटली, इंझोरीपासून इथलोक वारा खात आली. प्रार्थनाघर गावाबाहीर हाय. पांढरा चुना मारलेलं, कौलारू, आंगणात दोन निंब. आजारी माणसं इथं येऊन आठ-पंधरा दिवस राह्यतात, प्रार्थना करतात, जातात. मले त्याइच्या भाकरी थापायचं काम. कोपऱ्यातली खोली देली, खाट नवीकोरी, उंबरा सागवानी. झकास वाटलं.

मोतीबाई इथली बायबलबाई. घरोघर जाऊन वचन वाचून दाखवते म्हणून बायबलबाई. साठीची असंन, चष्म्याले सुतळी बांधलेली. तिनंच ही वही देली. म्हणे, धुरपताबाई, जे तोंडानं देवाले सांगता येत नाई ते यात लिहत जाय. मी म्हटलं, चौथी शिकली मी, अन् लिहीन ते डाव्या हातानं, कोंबडीनं उकरल्यासारखं. म्हणे, देवाले वाचता येते.

उजवा हात वर्षापासून कामाचा नाई. मनगटाखाली गार पडते, बोटं मिटत नाईत. सुईणीचा हात हाय हा, शंभरावर लेकरं यानं काढली. मोतीबाई इंझोरीत आली तवा तिनं पाह्यला अन् चाल म्हणे. मी सांगतलं, काम असंन तं येईन. कोणाची दया नाई पाह्यजे. हात बरा झाला का चालली मी घरी.

बुधवार, ३ एप्रिल

डाव्या हातानं भाकर थापून राह्यली. रामीबाई माह्यासंगं चुलीवर असते, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण जीभ लय तिखट. भाकर चाचपून म्हणे, धुरपते, ही भाकर हाय का जिल्ह्याचा नकाशा? मी म्हटलं, मंग तूच थाप अन् तुहा तालुका दाखव.

सांजच्या प्रार्थनेले सारे गुडघे टेकतात. मी भिंतीले टेकून उभी राह्यली. मोतीबाईनं इचारलं तं गुडघे दुखतात सांगतलं. खोटं. मंग ती म्हणे, हाताचं प्रभूच्या मर्जीवर, पण आंधी मनातलं गाठोडं त्याच्यापुढं सोड. मी म्हटलं, माहं गाठोडं मी पाहून घेईन. तं म्हणे, मंग इथं कायले आली?

राग आला. वांगे चिरले भसाभसा.

शनिवार, ६ एप्रिल

दुपारी भाकरीची टोपली घेऊन आंगणातून आली. रामीबाईनं इचारलं का ती पोटुशी पोरगी कोण, तुहा उजवा हात धरून चालून राह्यली ते. तिलेही भाकर देऊ काय, म्हणे, दिवस भरलेले दिसतात.

मी म्हटलं, डोळ्याचं पाणी पूस म्हातारे. मांगं कोणी नव्हतं. ऊन नुसतं पांढरंफट.

पण हात पाह्यला. मनगटावर चार बोटांचे वळ होते.

माही एकुलती एक लेक हेमला. गेल्या चैतात बाळंतपणात गेली, लेकरूही गेलं. एवढंच लिहीन.

मंगळवार, ९ एप्रिल

आता गंमत पुरे. बाळंतपणात मेलेली बाई परत येते. आमच्याकडं तिच्या तिरडीमांगं राळ्याचे दाणे फेकतात, अन् उंबऱ्यात खिळे ठोकतात, मंग ती उंबरा वलांडत नाई. हे मले कोणी शिकवाले नको, मीच साऱ्या इंझोरीले शिकवते. लोहाराकडून चार खिळे आणले. खोलीत बसून आतून ठोकले, डाव्या हातानं, खलबत्त्याच्या बत्त्यानं. अंगठा फुटला. पण पक्के बसले.

मोतीबाई आवाज ऐकून आली. रागावली नाई. एवढंच इचारलं का ती बाहीर हाय हे तुले कायवरून समजलं.

मी म्हटलं, तुमी आपलं वचन वाचा.

गुरुवार, ११ एप्रिल

ती बाहीर नव्हती.

ती माहा हात धरून आत आलेली होती. वर्षापासून धरूनच होती. गार पडत होता तो हात नाई, तिची मूठ होती ती. अन् मी खिळे ठोकून तिले कोंडली.

अंगठा सुजला म्हणून परवापासून खोलीतच हाय; भरदुपारी मी खाटेवर पडली होती. दाराशी नखं घासल्याचा आवाज आला. आतल्या बाजूनं.

खिळे काढाले सांडशी लावली. एका हातानं निघत नाईत. रामीबाईले हाक मारू काय, असं एकडाव मनात आलं. नाई मारली. मी ठोकले, मीच काढीन.

शुक्रवार, १२ एप्रिल

आज त्याइचा गुड फ्रायडे. बारा ते तीन उपासना. मलेही बोलावलं होतं. निघाली. एक पाय बाहीर टाकला, अंग बाहीर आलं —

हात आतच राह्यला. ओढला. खांदा उखडाले आला. हात येईना. तिले खिळे वलांडता येत नाईत अन् ती मले सोडत नाई.

परत आत आली. काय करू.

तीननंतर मोतीबाई भाकर घेऊन आली, उंबऱ्याबाहीर बसली. मी काही सांगतलं नाई, तरी हाताकडं पाहूनच होती. म्हणे, खिळे आमी काढू, चौघीजणी लागू. तू फकत म्हण का माह्याच्यानं होत नाई. माह्याजवळ नको म्हणू, त्याच्याजवळ म्हण.

मी म्हटलं, भाकर ठेवा अन् जा.

गेली ते रडत गेली. मी नाई रडली.

शनिवार, १३ एप्रिल

दिसते आता. उजेडातही. पोट तसंच. लुगडं ओलं. खाट भिजली —

बोलत नाई. राग नाई तोंडावर. राग असता तं मी भांडली असती.

मोतीबाई दोनदा दारात आली. मी तोंड फिरवून —

बोटं कोपरालोक गार.

रविवार, १४ एप्रिल, झुंजुरका

सारे कबरस्थानात गेले. ईस्टरले पहाटेच जातात, मेणबत्त्या घेऊन. गाणं इथलोक ऐकू येते. कबर रिकामी हाय म्हणतात. प्रभू उठला म्हणतात.

ती आयकून राह्यली. मान तिकडं.

आता लिहून टाकीन. तोंडानं नाई निघत.

हेमलानं हात धरला होता. दोन दिवस अडली होती. म्हणे, माय, बंडी जुंप, मंगरूळच्या दवाखान्यात ने. मी म्हटलं, शंभर काढले या हातानं, गावात तोंड काय दाखवू. ती हात सोडेना. मी झटकला. कामाले हात पाह्यजे म्हणून झटकला. मंग तिनं धरला नाई. मंग ती —

मी मारली. देवानं नाई नेली. मी.

वही जमिनीवर हाय. गुडघे टेकले.

प्रभू. मले तुह्याशी बोलता येत नाई. माह्याच्यानं होत नाई. खिळे निघत नाईत. ती निघत नाई. माह्यातलं काहीच निघत नाई. तू काढ.

मोतीबाईले हाक मारली. जोरात. जल्मात कोणाले मारली नव्हती. दोन आवाज निघाले, एक माहा, एक तिचा —

फाटकाशी पावलं. पळून राह्यल्या बाया.

मनगटावरची करंगळी सुटली. तिची. दुसरं बोट —

हाताचं राहू दे प्रभू, हात नको मले. तिचा धर. रिकामा नको ठेवू, तिले एकटीले भेव वाटते, लहानपणापासून, ती —